इमेजमध्ये डोंगराचा खड्डा अन् खड्ड्याचा डोंगर दिसतोय? आधी हे बघा

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन. पाणलोटाच्या आराखड्याचं काम सुरू झालं अन् नवीन पोरं-पोरी लॅपटॉपवर सॅटेलाइट इमेज उघडून बसली की दोन-चार दिवसांत कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतंच, "सर, ओढा डोंगराच्या माथ्यावरून चाललाय, इमेज उलटी डाउनलोड झाली का?" इमेज उलटी नसते, सॉफ्टवेअरला काही झालेलं नसतं, परत डाउनलोड करून नेट वाया घालवू नका. गडबड बघणाऱ्याच्या डोक्यात होते अन् ती सगळ्यांच्याच डोक्यात होते, वीस वर्षं नकाशे करणाऱ्याच्या पण.

कसं ओळखायचं की हाच प्रॉब्लेम आहे

बालाघाटाची कुठलीही इमेज घ्या, पाटोदा तालुक्यातली सौताड्याकडची घ्या. तिथं सपाट माळ अन् मधूनच खोल कापलेल्या घळी आहेत. इमेजमध्ये मात्र घळ म्हणजे लांबलचक वरंबा वाटतो, ओढ्याकाठची हिरवी झाडी त्या वरंब्याच्या शेंड्यावर उगवल्यासारखी, अन् शेजारचा माळ खाली दबलेला. अजिंठ्याला वाघूर नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय, लेणी त्याच वळणाच्या कड्यात आहेत, ते पण कित्येकांना वळसा घातलेल्या टेकाडासारखं दिसतं. वेरूळचं कैलास लेणं तर अजून मजेशीर, ते वरून खाली कोरत नेलेलं, म्हणजे खड्डा अन् खड्ड्यात उभं मंदिर, एकदा का ते उलटं दिसायला लागलं की कुठलं वर अन् कुठलं खाली याचा पत्ताच लागत नाही. छोट्या गोष्टीत रिकामं शेततळं म्हणजे स्लॅबचं घर वाटतं, मुरमाची खदान म्हणजे ढिगारा अन् खडी क्रशरशेजारचा खरा ढिगारा म्हणजे खदान.

खात्री करायला गुगल अर्थमध्ये कर्सर फिरवा, खाली उजव्या कोपऱ्यात उंचीचा आकडा बदलतो. "डोंगरावर" आकडा कमी अन् "खड्ड्यात" जास्त येत असेल तर तुमची केस हीच. आकडा पण डोळ्याच्याच बाजूनं बोलत असेल अन् गावातला माणूस नाही म्हणत असेल, तर प्रॉब्लेम दुसरा आहे, जिओरेफरन्सिंग (इमेज नकाशावर बरोबर जागी बसवणं) बघा, ते इथं घेत नाही.

असं का होतं

दोन गोष्टी एकमेकींना नडतात. पहिली, आपला मेंदू गृहीत धरूनच चालतो की उजेड वरून येतो. लाखो वर्षं सूर्य डोक्यावरच होता, त्यामुळं कुठल्याही चित्रात वरची कड उजळ अन् खालची काळी दिसली की मेंदू विचारत बसत नाही, उंचवटा म्हणून मोकळा होतो, अन् वरची काळी, खालची उजळ असेल तर खड्डा. आपले तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छटा दिलेल्या गोलांवर हे फार सुंदर दाखवलं. त्याच्याही आधी, १७८६ मध्ये, डेव्हिड रिटेनहाउस नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं की दुर्बिणीत चित्र उलटं झालं की खोलगट भाग फुगीर दिसायला लागतो. म्हणजे हे काही सॅटेलाइटसोबत आलेलं दुखणं नाही.

दुसरी गोष्ट, नकाशात उत्तर वर असते. अन् आपण भारतात, विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळं वर्षातला बराच काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून असतो. म्हणजे इमेजमध्ये उजेड खालून आलेला असतो. डोंगराचा दक्षिण उतार उजळ, तो कागदावर खाली, उत्तर उतार अंधारात, तो कागदावर वर. झालं, मेंदूनं शिक्का मारला, खड्डा. ऑस्ट्रेलियावाल्यांना ही कटकट जवळपास नाही, त्यांचा सूर्य उत्तरेला, म्हणजे इमेजमध्ये बरोबर वरून.

ज्यांना पटत नाही त्यांनी घरातलं आप्पेपात्र घ्या. खिडकीजवळ ओट्यावर असं ठेवा की उजेड एकाच बाजूनं येईल, खिडकी फोटोच्या वरच्या बाजूला राहील असा मोबाइलवर सरळ वरून एक फोटो काढा. ऑटो रोटेट बंद करा. आता फोन उलटा धरून बघा, खोलगट वाट्यांच्या जागी फुगलेले आप्पे दिसतील. परत सरळ करा, परत वाट्या. पात्र तेच, फोटो तोच, तुम्हाला माहितीय की त्या वाट्याच आहेत अन् तरी आप्पे दिसतात. हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच जणांना वाटतं एकदा समजलं की दिसणं सुधारेल. नाही सुधारत. कळणं वेगळं, दिसणं वेगळं, म्हणून खालचे उपाय लागतात.

मग हिवाळ्यातच जास्त का

हे आपल्या मराठवाड्यापुरतं बघू. युरोपचा सेंटिनेल-२ किंवा आपला रिसोर्ससॅट यांसारखे सॅटेलाइट डोक्यावरून साधारण सकाळी साडेदहाला जातात, पण ती स्थानिक सूर्याची वेळ, आपल्या घड्याळात अकराच्या आसपास. डिसेंबरात त्या वेळी संभाजीनगरच्या अक्षांशावर सूर्य आग्नेयेपेक्षा दक्षिणेकडं जास्त झुकलेला असतो अन् क्षितिजापासून उंची जेमतेम ४१-४२ अंश, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी जास्तच लांब. शंभर मीटरच्या पवनचक्कीच्या टॉवरची सावली ११०-११५ मीटर, पडते वायव्य-उत्तरेला, कागदावर वरच्या बाजूला. मस्त ठळक सावल्या, अन् मस्त ठळक भ्रम.

जूनमध्ये त्याच वेळी सूर्य जवळजवळ पूर्वेला, किंचित उत्तरेकडं, अन् उंची ६८-६९ अंश. शून्य सावली दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) ऐकलाच असेल, मेच्या मध्याला एकदा अन् जुलैच्या शेवटी एकदा, त्या दोन्हींच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेव्हाच्या इमेजमध्ये डोंगर उलटा व्हायचं प्रमाण कमी, पण सावलीच इतकी आखूड की चढउतार सपाट झाल्यासारखे वाटतात. अन् जून-जुलैची ढग नसलेली इमेज मिळायला नशीब लागतं. म्हणून आपण सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या स्वच्छ इमेजवर काम करतो, रब्बीची पिकं पण त्यातच दिसतात, अन् नेमक्या त्याच इमेज डोळ्याला फसवायला सगळ्यात तरबेज. मोठा भूभाग नुसता समजून घ्यायचा असेल तर मार्चच्या शेवटची किंवा एप्रिलची एखादी इमेज शेजारी उघडी ठेवा, उजेड बराचसा पूर्वेकडून आलेला असतो.

उपाय, सोप्यापासून

सगळ्यात आधी इमेज १८० अंशात फिरवा. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) खालच्या पट्टीत रोटेशनचा रकाना असतो, तिथं १८० टाका. गुगल अर्थमध्ये होकायंत्राची कडी धरून फिरवा, परत उत्तर वर आणायला एन दाबा. दक्षिण वर आली की उजेड वरून आला अन् डोंगर चटकन जागेवर येतात, पोरं ओरडतात अक्षरशः. जुने लोक एअर फोटो टेबलावर ठेवताना सावल्या आपल्याकडं येतील असाच ठेवायचे, तेच हे. स्टिरिओस्कोपखाली (दोन फोटो एकत्र बघून चढउतार उठवून दाखवणारी भिंगं) फोटोंची जोडी लावणाऱ्यांसाठी एक जादा सूचना, डावा अन् उजवा फोटो अदलाबदल झाला तर सावल्या कितीही बरोबर ठेवल्या तरी दऱ्या वर येतात, तेव्हा आधी ते तपासा.

पण फिरवलेला नकाशा गावात नेऊ नका. ग्रामसभेत दक्षिण वर असलेला कागद भिंतीला लावला तर लोक डोंगर ओळखतील पण मारुतीचं देऊळ भलतीकडं दिसलं म्हणून अर्धा तास त्यातच जाईल. फिरवणं हे तुमच्या स्वतःच्या वाचण्यासाठी, देण्यासाठी नाही.

दुसरं, तिरकं करून बघा. गुगल अर्थमध्ये शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की दृश्य कलतं अन् लांबचं-जवळचं कळायला लागलं की मेंदू सावलीवरचा हट्ट सोडतो. आपलं पठार तसं फार उंचसखल नाही, त्यामुळं डेस्कटॉपवरच्या प्रोमध्ये ऑप्शन्समध्ये जाऊन एलिव्हेशन एग्झॅजरेशन (उंची किती पट वाढवून दाखवायची) २ किंवा ३ करा, त्याहून जास्त ते घेतच नाही. घळीवर आडवी रेघ ओढून एलिव्हेशन प्रोफाइल (त्या रेघेवरच्या उंचीचा आलेख) काढलं तर वादच मिटतो.

तिसरं हिलशेड, म्हणजे उंचीच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरनं काढलेली उजेड-सावलीची छटा, अन् इथं जरा थांबा कारण अर्धे लोक इथंच नवीन गोंधळ करून ठेवतात. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट सॅटेलाइटचं ३० मीटरचं डीईएम (दर चौकोनाला उंचीचा एक आकडा असलेला नकाशा) मिळतं, नासाचं एसआरटीएम पण तसलंच आहे, त्यावरून हिलशेड काढणं दोन मिनिटांचं काम. हिलशेडमध्ये सूर्य कुठं ठेवायचा ते आपण ठरवतो अन् बहुतेक ठिकाणी ठरलेला आकडा ३१५ अंश, म्हणजे वायव्य, कागदावर डावीकडं वर. आता गंमत बघा, आपल्याकडं इमेज घेतली जाते त्या सकाळच्या वेळी खरा सूर्य ३१५ अंशांवर वर्षात एकदाही नसतो. तो आकडा निसर्गातला नाही, तो मेंदूच्या सोयीचा आहे, माणसं उजेड वरून अन् थोडा डावीकडून येतो असं धरतात म्हणून. २०१७ च्या एका अभ्यासात तर वायव्येपेक्षा उत्तर-वायव्य, ३३७ अंशांच्या आसपास, अजून सरस ठरली, मी पण हल्ली तेच ठेवतो.

गोंधळ होतो तो पुढं. लोक डिसेंबरची इमेज खाली ठेवतात, वर हे हिलशेड मल्टिप्लाय करून (दोन्हींचा काळेपणा एकत्र होईल असं मिसळून) टाकतात. इमेजमध्ये उत्तर उतार काळा, हिलशेडमध्ये दक्षिण उतार काळा, दोन्ही मिळून दोन्ही उतार काळे, अन् सगळा डोंगर मळलेल्या पोत्यासारखा. मग विचारतात रिझोल्यूशन कमी आहे का. नाही, दोन सूर्य लावलेत तुम्ही. एकतर हिलशेड इमेजवर न टाकता वेगळ्या लेयरवर ठेवा अन् चालू-बंद करत बघा, किंवा इमेजच्या जागी साधा रंगीत उंचीचा नकाशा घ्या अन् त्यावर हिलशेड टाका, गावाला दाखवायला तोच सगळ्यात चांगला, वर कंटूर (समान उंचीच्या रेघा) अन् ओढ्यांना निळी रेघ अन् नावं. पाणी निळं दिसलं की कुणीही ते खालीच धरतं.

इमेज काळी-पांढरी करून तिचा निगेटिव्ह काढायचा पण एक जुगाड आहे, त्यानं छटा उलटतात अन् डोंगर सरळ होतो, पण तलाव पांढरे अन् मुरमाड माळ काळा होतो, पिकांचं तर विचारूच नका. घाईत एकदा बघायला ठीक, त्यावर काम करू नका.

शेततळं, विहीर, खदान: इथं डीईएम कामाचं नाही

मागेल त्याला शेततळे योजना २०१६ ची, त्यातलं सगळ्यात मोठं शेततळं ३० बाय ३० मीटर, अन् डीईएमचा एक पिक्सेल पण ३० मीटर. एसआरटीएमचं मोजमाप तर २००० सालचं, तेव्हा तुमचं शेततळं जन्मालाच आलेलं नव्हतं. म्हणून छोट्या गोष्टीत सावलीच वाचायची, पण नजरेनं नाही, रीतीनं.

आसपास अशी वस्तू शोधा जी नक्की उभी आहे, एकटं झाड, गावाची पाण्याची टाकी, पवनचक्की. तिची सावली कुठं पडलीय ते बघा, त्याच्या विरुद्ध बाजूला सूर्य. आता तुमच्या शंकेच्या वस्तूची अंधारी कड शोधा. अंधारी कड सूर्याच्या बाजूला असेल तर खड्डा, कारण सूर्याकडची भिंत स्वतःच्याच सावलीत असते. अंधारी कड सूर्याच्या विरुद्ध बाजूला असेल तर उंचवटा. जोडीला अजून एक, सावली आकाराच्या आतच राहत असेल तर खड्डा अन् बाहेरच्या जमिनीवर सांडत असेल तर उंचवटा. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

शेततळ्यात मात्र फसगत होते कारण त्याला चारी बाजूंनी मातीचा बांध असतो, म्हणजे बाहेरून उंचवटा अन् आतून खड्डा, दोन्ही छटा एकाच चौकोनात. हिवाळ्यात उत्तरेला बांधाबाहेर बारीक काळी रेघ अन् आत दक्षिणेला रुंद काळी पट्टी असं दिसलं तर डोळे झाकून शेततळं लिहा. पाणी भरलेलं किंवा काळं प्लास्टिक अंथरलेलं असेल तर आतला सगळाच चौकोन काळा, तिथं बाहेरच्या रेघेवरच भिस्त.

सावलीचा संबंध नसलेल्या, पण त्याच पठडीतल्या तक्रारी

"झूम केलं की पिकाचा रंग बदलतो." हा अर्धा डोळ्याचा अन् अर्धा सेटिंगचा दोष. क्यूजीआयएसमध्ये मिन-मॅक्सच्या (रंग कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत ताणायचे त्या) खाली स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट असतं, ते अपडेटेड कॅनव्हासवर असेल तर स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढ्याच्या हिशोबानं रंग परत ताणले जातात, पडद्यावर उसाचा पट्टा आला की शेजारचा हरभरा फिका पडणारच. ते होल रास्टर, म्हणजे पूर्ण इमेज, करा, अन् दोन तारखांची तुलना असेल तर दोन्हींना एकच मिन-मॅक्स हातानं टाका. एवढं करूनही दोन शेतं वेगळी वाटत असतील तर कागदाला दोन भोकं पाडून स्क्रीनवर धरा, आजूबाजूचं झाकलं गेलं की कितीतरी वेळा दोन्ही सारखीच निघतात, कारण हिरव्यागार उसात घेरलेलं करडं रान अन् काळ्या नांगरटीत घेरलेलं तेच करडं रान डोळ्याला वेगळं वाटतं. शेवटचा शब्द आयडेंटिफाय टूलनं दाखवलेल्या आकड्याचा.

"इथून भेग गेलीय, बोअर इथंच घ्या." हे मात्र पैशाचं प्रकरण आहे म्हणून जरा कडक लिहितो. बेसाल्टच्या मुलखात पाणी भेगांच्या अन् सांध्यांच्या आधारानं मिळतं म्हणून इमेजमध्ये सरळ रेघा शोधायची पद्धत आहे, ती चुकीची नाही. पण मेंदूला तुटक तुकडे जोडायची फार हौस. इथला बांध, पुढची गाडीवाट, त्याच्यापुढं ओढ्याचा सरळ तुकडा, तीन वेगळ्या गोष्टी अन् मेंदू त्यातून दोन किलोमीटरची भेग ओढून देतो. वर परत सूर्याची भानगड, डिसेंबरच्या इमेजमध्ये उजेड दक्षिण-आग्नेयेकडून असतो तर त्याला आडव्या, म्हणजे पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य जाणाऱ्या रेघा ठसठशीत उठतात अन् उजेडाच्या दिशेनं धावणाऱ्या खऱ्या भेगा गायब. तेव्हा हिलशेड चार वेगवेगळ्या दिशांनी काढा, क्यूजीआयएसमध्ये मल्टिडायरेक्शनल (एकदम अनेक दिशांचं) पण आहे, अन् जी रेघ सगळ्यांत टिकते तीच धरा. दोघांनी एकमेकांचं न बघता वेगवेगळं आखा, मग एकावर एक ठेवा. जुळल्या तेवढ्या रेघा घेऊन शिवारात जा, बांध की भेग ते तिथं पाय टेकवल्यावर कळतं. नुसत्या स्क्रीनवरच्या रेघेवर शेतकऱ्याला लाखाच्या खर्चात घालणाऱ्याचं मला पटत नाही, स्पष्ट सांगतो.

ड्रोनवाल्यांसाठी थोडक्यात: भर दुपारी उडवलं की सावल्या कमी, मोजमापाला उत्तम, पण नुसत्या ऑर्थो फोटोवर (सरळ वरून घेतल्यासारखा जोडलेला फोटो) बांध-नाला ओळखायला सांगाल तर समोरचा चाचपडेल. ड्रोनचं डीएसएम (झाडं-घरांसकट उंचीचा नकाशा) तुमच्याकडं असतंच, त्याचं हिलशेड सोबत द्या.

एवढं सगळं करून अडलंच तर विचारा, पण नुसता स्क्रीनशॉट टाकू नका. इमेजची तारीख, कुठल्या सॅटेलाइटची, मधल्या जागेचे अक्षांश-रेखांश, उत्तर कुठं आहे ते, अन् वर सांगितलेलं एखादं उभं झाड किंवा टाकी स्क्रीनशॉटमध्ये येईल असं बघा. अन् फोनवर कापून, फिरवून, फिल्टर मारून पाठवू नका राव, मग मलाच आधी सूर्य शोधत बसावं लागतं.